सावळ्या अंगाला लेसर चालतो का?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. विहारात महिला मंडळाची बैठक नुकतीच संपली होती. पंखा बंद पडला होता आणि बायका पदराने वारा घेत होत्या. अशा उकाड्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी नाकापासून गळ्यापर्यंत ओढणी गच्च गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. वय तेवीस. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, आणि एरवी बैठकीत सर्वांत मोठ्याने हसणारी तीच. मंडळी पांगल्यावर तिच्या आईने आम्हाला बाजूला घेतले आणि लेकीची ओढणी खाली केली. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने काळे चौकोनी डाग ओळीने उठले होते. रबरी शिक्के मारावेत तसे.

“ताई, लेसर केलं हिला. केस कायमचे जातील म्हणले होते. केस तिथंच हायेत, वर हे डाग आले,” आई म्हणाली. मुलगी काहीच बोलली नाही.

आम्हीही बोललो नाही, कारण बोलायला तोंड नव्हते. त्या लेसरसाठी आमच्याच बचत गटातून बारा हजारांचे कर्ज दिले होते. वहीत ‘औषधोपचार’ अशी नोंद आमच्याच अक्षरात आहे. हप्ता किती, व्याज किती, हे आम्ही दोनदा तपासले होते. यंत्र कोणते, ते चालवणार कोण, हे एकदाही विचारले नाही. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाचा हा दोष असतो. बेरीज जुळली की त्याला व्यवहार बरोबर वाटतो.

त्या पावतीवर ‘फुल फेस, ८ सिटिंग’ एवढेच लिहिले होते. यंत्राचे नाव नाही, डॉक्टरचे नाव नाही. तिसऱ्या सिटिंगला हे डाग उठले. विचारायला गेल्यावर त्या दुकानातून उत्तर मिळाले, “तुमची स्किनच डार्क आहे, त्याला आम्ही काय करणार?” पैसे घेताना मात्र स्किन डार्क असल्याचे कोणाला दिसले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मुलीला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी जे समजावून सांगितले आणि त्यानंतर आम्ही जे वाचून पडताळले, ते आमच्या वाचक भगिनींपर्यंत पोचावे, यासाठी हा लेखनप्रपंच. आज मोबाईल उघडला की लेसरची जाहिरात समोर येते आणि घराघरांतल्या मुली ती पाहतात. गप्प बसून चालणार नाही.

लेसर करतो काय?

काळी छत्री आणि पांढरी छत्री उन्हात ठेवली तर काळी जास्त तापते, हे आपण जाणतोच. लेसरचे सारे काम याच एका गोष्टीवर चालते. केसात मेलॅनिन नावाचे काळे रंगद्रव्य असते. लेसरचा प्रकाश ते शोषून घेते, त्याची उष्णता होते, ती केसातून खाली मुळाशी जाते आणि मूळ भाजून निकामी होते. हे तत्त्व अमेरिकेतील अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडले. त्याच्या आधारावर केस काढण्याची यंत्रे १९९०च्या दशकात बाजारात आली.

आता अडचण पाहा. जे मेलॅनिन केसात असते, तेच आपल्या कातडीतही असते. लेसरला केस दिसत नाही, त्याला फक्त काळेपणा कळतो. कातडी गोरी आणि केस काळा असेल तर प्रकाश सरळ केसाकडे जातो. कातडीही सावळी असेल तर वाटेतच कातडी तो प्रकाश पिऊन टाकते. मग केसाच्या मुळाला उष्णता कमी पोचते आणि कातडी मात्र भाजते. आमच्या मुलीचे नेमके हेच झाले होते. ते चौकोन म्हणजे यंत्राच्या तोंडाचे ठसे होते. तिच्या कातडीला न मानवणारी ताकद लावून यंत्र दाबत नेले होते.

सुरुवातीची रूबी लेसरची यंत्रे गोऱ्या कातडीवरच्या काळ्या केसांसाठीच योग्य होती. कातडीचे प्रकार मोजायला डॉक्टर जी पट्टी वापरतात, तिचाही इतिहास असाच आहे. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी ती १९७५ मध्ये तयार केली, तेव्हा तिच्यात गोऱ्यांचेच चार प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या कातडीसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आज आपल्याकडील बहुतेकांची कातडी चौथ्या-पाचव्या प्रकारात धरतात. म्हणजे मोजपट्टीतही आपली नोंद उशिरा झाली. तेव्हा ‘तुमची स्किनच डार्क आहे’ हे उत्तर ऐकून मान खाली घालू नका. दोष कातडीत नाही. तिला न शोभणारे यंत्र वापरणाऱ्याचा तो दोष आहे.

मग सावळ्या अंगाला कोणता लेसर?

लेसरचे प्रकार त्याच्या प्रकाशलहरीच्या लांबीवरून पडतात. ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. रूबी ६९४, अलेक्झांड्राइट ७५५, डायोड ८०० ते ८१० आणि एनडी-याग १०६४. हे आकडे पाठ करायची गरज नाही. एकच सूत्र ध्यानात ठेवावे. आकडा जितका मोठा, तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीतला काळेपणा त्याला कमी अडवतो. म्हणून सावळ्या आणि काळ्या कातडीसाठी १०६४चा एनडी-याग सर्वांत सुरक्षित मानला जातो. डायोडही चालतो, पण चालवणारा जाणकार हवा, ताकद बेताची हवी आणि कातडी थंड ठेवण्याची चांगली सोय हवी. अनेक पार्लरमध्ये ‘लेसर’ म्हणून जे यंत्र वापरतात ते आयपीएल असते. तो लेसर नव्हे. त्यात अनेक लांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि सावळ्या कातडीला त्याचा धोका जास्त. घरी वापरायच्या यंत्रांच्या खोक्यावर कातडीच्या रंगांचा तक्ता छापलेला असतो. गडद रंगांवर फुली असेल तर ती आपल्यासाठीच आहे असे समजावे.

एनडी-याग काळ्या कातडीवर खरोखर उपयोगी पडतो का? याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांची दाढी कुरळी असते. दाढी केली की केसाचे टोक वळून पुन्हा कातडीत घुसते, पुरळ आणि गाठी येतात. सैन्यात तर रोज गुळगुळीत दाढी करण्याची सक्ती, त्यामुळे कितीतरी सैनिकांना हा त्रास होत असे. २००२ मध्ये सॅन डिएगो येथील अमेरिकन नौदलाच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या कातडीच्या रुग्णांवर हाच एनडी-याग लेसर वापरला आणि त्याने गाठी कमी होतात, कातडीही तो सोसते, असे दाखवून दिले. सावळ्या अंगाला लेसर चालतो का, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘हो’ आहे. पण ते यंत्राचे नाव विचारल्याशिवायचे ‘हो’ नाही.

‘कायमचे जातात’ म्हणजे किती?

‘कायमचे’ या शब्दावर पैसे भरले जातात, म्हणून हा हिशेब नीट पाहू. अमेरिकेतील औषध प्रशासन लेसरला ‘केस कायमचे काढणे’ असे म्हणू देत नाही. ‘केस कायमचे कमी करणे’ एवढेच म्हणू देते. फरक एका शब्दाचा, पण खिशाला मोठा.

केस एकाच वेळी सारे वाढत नसतात. काही वाढत असतात, काही गळायच्या बेतात असतात, काही झोपलेले असतात. लेसरचा घाव बसतो तो वाढत्या केसावर. झोपलेले केस पुढे जागे होतात, तेव्हा त्यांच्यासाठी पुन्हा जावे लागते. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ बैठका, कधी त्याहून जास्त लागतात. त्यानंतर केस विरळ, बारीक होतात आणि सावकाश वाढतात. मधूनमधून एखादी बैठक पुढेही घ्यावी लागते. एका बैठकीत सारे साफ, असे कोणी सांगत असेल तर तिथून उठावे.

काही केसांवर लेसरचा उपयोगच होत नाही. पांढऱ्या केसात काळेपणाच नसतो, त्यामुळे लेसरला पकडायला काही उरत नाही. गालावरच्या बारीक भुरकट लवेचेही तसेच. उलट, सावळ्या स्त्रियांच्या गालावर आणि मानेवर अशा लवेवर लेसर मारल्याने कधीकधी केस वाढल्याचीही उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. ‘फुल फेस’ हे पॅकेज स्वस्त दिसते, पण त्यातला गालाचा भाग आपण पैसे देऊन ओढवून घेतलेले संकट ठरू शकतो. पांढऱ्या केसांसाठी विजेच्या सुईने एकेक मूळ जाळण्याची जुनी पद्धत आहे. ती कोणत्याही रंगाच्या केसाला चालते. वेळ मात्र फार लागतो आणि डाग पडू नयेत म्हणून हात सरावाचा लागतो.

दुखते किती?

हा प्रश्न मुली आईला विचारत नाहीत, एकमेकींना विचारतात. म्हणून स्पष्टच लिहितो. दुखते. फोडणी देताना मोहरी तडतडून हातावर उडावी, तसा प्रत्येक ठिणगीला चटका बसतो. वरच्या ओठावर जास्त लागतो, दाट केसांच्या जागी जास्त लागतो. एनडी-याग इतर लेसरपेक्षा थोडा अधिकच लागतो, कारण तो खोल जातो. पण ओठ आणि हनुवटीचे काम काही मिनिटांचे असते. चांगल्या यंत्राचे तोंड थंडगार असते, किंवा सोबत थंड हवेचा झोत असतो. त्याने चटका कमी होतो आणि वरची कातडीही वाचते. नंतर काही तास केसांच्या मुळाशी लाली आणि बारीक सूज राहते. जळक्या केसांचा वास येतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जळालेले केस आपोआप गळतात.

एवढे चालते. पण चटका सोसवेनासा झाला, कातडी राखाडी किंवा पांढरट दिसू लागली, फोड आला, तर तिथेच हात वर करून ‘थांबा’ म्हणावे. ‘थोडं सहन करा, सुंदर दिसायचंय ना’ असे कोणी म्हणाले तरी थांबवावे. आमची मुलगी तिसऱ्या वेळी रडत होती आणि तिला हेच सांगितले गेले होते.

बधिर करणारे मलम डॉक्टरांनी सांगितले तर सांगितले तेवढ्याच जागी लावावे. घरी मनानेच पायभर फासून वर प्लास्टिक गुंडाळू नये. लेसरपूर्वी असे करून अमेरिकेत दोन तरुणींचा जीव गेला आणि २००७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला.

केस आले कुठून, हे आधी पाहा

डॉक्टरबाईंनी डाग पाहिले, पण पहिला प्रश्न डागांचा विचारला नाही. “पाळी वेळेवर येते का?” असे विचारले. मुलीने आईकडे पाहिले. दोन-दोन महिने चुकत होती. घरात कोणाला माहीत नव्हते. तपासण्या झाल्या आणि बीजकोषांचा तो विकार निघाला ज्याला आपल्याकडे बायका पीसीओडी म्हणतात. यात शरीरातील पुरुषी संप्रेरके वाढतात आणि हनुवटीवर, जबड्यावर जाड केस येतात. मूळ कारणावर उपचार न करता नुसता लेसर करत राहणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. औषधांचा परिणाम केसांवर दिसायला सहा महिने तरी लागतात, तेव्हा धीर धरावा लागतो. केस एकाएकी भराभर वाढले, आवाज जाड झाला, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

दुसरा प्रश्न होता, “तोंडाला काय लावतेस?” मुलीने पर्समधून ट्यूब काढली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, चार वर्षे लावत होती. कशासाठी? तर गोरे दिसण्यासाठी. त्या मलमात स्टेरॉइड होते. असे मलम वर्षानुवर्षे चेहऱ्याला लावले तर कातडी पातळ होते, लाल होते, मुरमे येतात आणि गालावर लव वाढते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, अशी अधिसूचना काढली. तरी ती मिळतात आणि आपल्या मुली ती लावतात.

आम्ही परतीच्या बसमध्ये हा सारा हिशेब मनात मांडला. सावळी आहेस म्हणून मलम, मलमामुळे गालावर लव, लवेची लाज म्हणून लेसर, लेसरने डाग, डागाची लाज म्हणून मे महिन्यात ओढणी. पहिल्या ओळीतच चूक होती. ‘पोरगी हुशार आहे, पण रंगानं जरा डावी’ हे वाक्य वर-वधू मेळाव्यात बोललेले आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे आणि गप्प बसलो आहोत. त्या गप्प बसण्याचे व्याज त्या मुलीने भरले.

पैसे भरण्यापूर्वी

पुढील गोष्टी विचारल्याशिवाय आणि पाळल्याशिवाय कोणी पैसे भरू नयेत.

१. यंत्राचे नाव आणि त्याचा आकडा विचारा. डॉक्टर कोण आहेत आणि यंत्र कोणाच्या देखरेखीखाली चालते, ते विचारा. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने २००८ मध्येच यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हे काम वैद्यकीय आहे, मेंदी काढण्यासारखे नाही.

२. कानाखाली किंवा जबड्याच्या कडेला लहानशा जागी आधी चाचणी करून घ्या. सावळ्या कातडीवर डाग उशिरा उमटतो, म्हणून शक्यतो आठवडा-दोन आठवडे वाट पाहा.

३. आधी महिनाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा बंद. मूळच उपटले तर लेसर जाळणार काय? रेझर चालतो, किंबहुना आदल्या दिवशी तो फिरवायलाच सांगतात. रेझरने केस जाड होतात हा समज खोटा आहे. १९२८ मध्येच तो अभ्यासाने खोटा ठरला आहे.

४. गोंदणावर आणि तिळावर लेसर मारू देऊ नका. गोंदणाची शाई प्रकाश शोषते आणि तिथे भाजते. हनुवटीवर गोंदलेले ठिपके असतील तर आधी दाखवा.

५. डोळ्यांवर चष्मा किंवा झाकण हवेच. भुवईखालच्या भागात लेसर नको.

६. गरोदर असाल, मुरमांची किंवा इतर काही औषधे चालू असतील तर आधी सांगा.

७. नंतर उन्हात तोंड झाकून जा, छत्री वापरा, डॉक्टरांनी सांगितलेले उन्हाचे मलम लावा. भाजल्यासारखे वाटले तर थंड पाणी लावा. लिंबू, हळद, टूथपेस्ट लावू नका. फोड फोडू नका.

८. सर्व बैठकांचे पैसे एकदम भरू नका. दर बैठकीची पावती घ्या. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांतही ही यंत्रे असतात, तिथे आधी चौकशी करा.

आणि एक गोष्ट पावतीच्या बाहेरची. बाईच्या अंगावर केस असणे हा गुन्हा नाही आणि घाणही नाही. ज्या मुलीला ते नको आहेत, तिने डोळे उघडे ठेवून उपाय करावा. जिला त्याचे काही वाटत नाही, तिला आई, मावशी, आत्या यांनी वाटायला लावू नये.

आमच्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मलम डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू सोडले. डाग फिके व्हायला चार महिने लागले, एक-दोन खुणा अजून आहेत. त्यानंतर फक्त हनुवटी आणि जबड्यावर एनडी-याग लेसरच्या आठ बैठका झाल्या. दीड-दीड महिन्याच्या अंतराने म्हणजे जवळपास वर्ष गेले. पीसीओडीची औषधे आणि रोजचे चालणे चालूच आहे. यंदाच्या मे महिन्यात ती बैठकीला ओढणी खांद्यावर टाकून आली होती. आम्ही पाहतोय हे कळल्यावर हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, “आत्या, चार-पाच हायेत अजून. राहू देत.”

बचत गटाचे पहिले कर्ज तिने फेडले. दुसरे दिले तेव्हा आम्ही कर्जाच्या अर्जात एक ओळ वाढवली. ‘औषधोपचार’ असे लिहिले असेल तर खाली लिहायचे: डॉक्टर कोण, उपचार कोणता, पावती कोणाच्या नावाची. ही ओळ कोरी असेल तर अर्ज परत. तुमच्या गटाच्या अर्जातही ती घाला.